दोन चकत्यांमधली जागा

सर्जन : संमतीपत्रावर सही झाली का? थिएटर तयार आहे. पाय गुडघ्याखालून जाईल, पण मास्तर वाचतील.

लेक : सर, पाच मिनिटं द्या. आधी ही प्लेट बघा, बाबांच्या जखमेतला जंतू वाढवलेली.

सर्जन : आता काय बघू? या जंतूवर एकही औषध चालत नाही, हा रिपोर्ट तुझ्याच लॅबचा. सही तुझी.

लेक : एकेकटं चालत नाही. जरा खिडकीकडे धरा. या कागदी चकतीत एक औषध, त्या चकतीत दुसरं. जंतू दोन्हींना खेटून वाढलाय. आणि दोन्हींच्या मध्ये?

सर्जन : मध्ये... काहीच नाही.

लेक : स्वच्छ! पहिल्या औषधाचे हा जंतू तुकडे करतो. दुसरं त्याचे हात धरून ठेवतं. दोन्ही एकदम द्यायची, सर.

सर्जन : पण चकत्या इतक्या जवळ कशा?

लेक : चुकून.

सर्जन : चुकून? तुझ्या हाताखालच्या कुणी अशी प्लेट आणली असती तर?

लेक : कचऱ्यात टाकली असती. वर चार शब्द सुनावले असते. पण लेबलवर बाबांचं नाव होतं. हात थरथरला, चकती निसटली. एकदा टेकली की उचलता येत नाही, औषध लगेच झिरपायला लागतं.

सर्जन : मग हे कोण बोलतंय? डॉक्टर की मुलगी?

लेक : मलाही कळत नाहीये. म्हणून सकाळी दुसरी प्लेट लावली, मुद्दाम, अंतर मोजून. तिचं उत्तर उद्या.

सर्जन : उद्यापर्यंत विष अंगभर पसरलं तर पायाचा प्रश्नच उरणार नाही!

मास्तर : अहो, माझ्या उशाशी भांडताय. पाय सडलाय, कान शाबूत आहेत.

लेक : बाबा, तुम्ही पडून राहा.

मास्तर : दुसरं करतोय काय? तर दोन्ही औषधं नापास. आणि एका बाकावर बसवली की पास?

लेक : प्लेटमध्ये तरी.

मास्तर : वर्गात मी हेच करायचो. एकाला गणित येत नाही, दुसऱ्याला भाषा. दोघं शेजारी शेजारी.

सर्जन : कॉपी करत असतील, मास्तर.

मास्तर : करत असतील. मी फळ्याकडे तोंड करायचो.

सर्जन : हसण्यावारी नेऊ नका. ठीक आहे, दोन्ही औषधं आत्ता सुरू करा. पण रक्तदाब घसरला की मी कुणाचं ऐकणार नाही. सही मात्र आत्ताच हवी.

मास्तर : आणा इकडे. पाय माझा आहे, सही मी करतो... हं, घ्या. डॉक्टर, आता जरा बाहेर थांबता?

लेक : काय झालं, बाबा?

मास्तर : खरं सांग. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर ऑपरेशन थांबवलं असतंस?

लेक : नाही. दुसऱ्याचा असता तर हात थरथरला नसता. मग हे दिसलंच नसतं.

मास्तर : भीती वाटतेय?

लेक : खूप. माझ्या हट्टापायी तुम्हाला काही झालं तर...

मास्तर : हात दे इकडे. अजून थरथरतोय की गं.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच खोलीत.)

लेक : सर, दुसरी प्लेट. मध्ये तसंच स्वच्छ.

सर्जन : ताप उतरलाय. रक्तदाबही टिकून आहे. मास्तर, बोटं हलवा बघू.

मास्तर : अंगठा हलतोय. बाकीची अजून नापास.

सर्जन : होतील पास. तुमचं ते संमतीपत्र फाडतो मी... अगं, शेजारच्या वॉर्डातल्या बाईंनाही हाच जंतू आहे ना?

लेक : हो.

सर्जन : आज ऑपरेशनला त्यांचा नंबर आहे. रिपोर्ट तूच दिलास ना, काहीच चालत नाही म्हणून?

लेक : मीच.

सर्जन : आणि त्यांची प्लेट?

लेक : नियमाप्रमाणे लावली होती, सर. चकत्या लांब लांब.

मास्तर : मग इथे काय उभी राहिलीस? जा. माझा पाय आता कुठे जात नाही.