आवक क्रमांक सातशे बारा

सिंधूवहिनी, शुक्रवार पेठेतल्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो, आणि मागं तालमीच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या ऑफिसातल्या मित्रांनो,

तुम्ही आलात, बरं वाटलं. काही जण पटांगणाच्या दारापर्यंत येऊन परत गेले, तेही मी पाहिलं. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. वामनराव गेले, आणि त्यांच्याबद्दल बोलायला उभा कोण राहिलाय? दोन वर्षं तोंड शिवून बसलेला मी. दुःखानं बोलणं जड जातंय, आणि त्याहून जास्त लाजेनं.

वामनराव आमच्या सरकारी ऑफिसात आवक-जावक कारकून होते. आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर. नंबर, तारीख, विषय, शिक्का. नंबर पडला की कागद आला. नंबर नाही, तर तो कागद सरकारदरबारी जन्मलाच नाही! ह्या बाबतीत माणूस भलता कडक. माझ्या लग्नाची पत्रिका दिली, तर तिच्यावरही शिक्का मारला आणि म्हणाले, "आता तुझं लग्न अधिकृत झालं." हसा, हसा. वहिनी, तुम्हीही हसा, तुमच्या नवऱ्याला आवडलं असतं.

आणीबाणीचे दिवस होते. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. टपाल फोडायचं काम माझं. एका लिफाफ्यात ह्या तालमीमागच्या आडाच्या पाण्याचा तपासणी अहवाल निघाला. मी वाचला, आणि वामनरावांच्या हातात दिला. तेवढ्यात कागद घेऊन आम्हां दोघांना साहेबांचं बोलावणं आलं.

साहेब म्हणाले, "हा कागद आलेला नाही."

वामनराव म्हणाले, "साहेब, माझ्या हातात आहे की."

"लोकांत घबराट होईल. दिवस कसले आहेत कळतंय ना? गोपनीय आहे हा. नंबर घालू नका."

वामनराव म्हणाले, "गोपनीयचा शिक्का तुम्ही मारा साहेब. आवकचा मी मारणार. माझं काम तेवढंच आहे." टेबलावर परत आले, चष्मा पुसला आणि नंबर घातला. सातशे बारा.

कागद साहेबांच्या कपाटात गेला. आणि इथं वामनरावांची चूक झाली. होय, चूक. शोकसभा आहे म्हणून मी ती लपवणार नाही. लपवाछपवीचाच तर त्यांना राग होता. ते मला म्हणाले, "नंबर पडलाय ना, आता कागद हालेल." आठ दिवस त्यांनी वाट पाहिली. आयुष्यभर कागदांवर भरवसा ठेवलेल्या कारकुनालाच अशी चूक करता येते. ते आठ दिवस पेठ त्याच आडाचं पाणी पीत होती. आठव्या दिवशी नरसव्वाची पद्मा जुलाब-वांत्यांनी गेली. नरसव्वा इथं समोरच बसली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातल्या बातम्यांच्या फळ्यावर वामनरावांनी खडूनं लिहिलं: "आवक क्रमांक सातशे बारा. विषय, तालमीमागील आडाच्या पाण्याची तपासणी. कागद ऑफिसात आहे. मागा." बस. पोलिसांनी पुसलं. त्यांनी परत लिहिलं. संध्याकाळी हातात निलंबनाचा हुकूम.

तुम्ही कागद मागायला आलात. आम्ही सांगितलं, गोपनीय आहे. तेव्हा नरसव्वा माझ्या टेबलासमोर उभी राहून काय बोलली होती? "माज्या पोरीनं काय पिऊन जीव सोडला, त्ये मला कळू नये व्हय? पानी आमचं, पोर आमची, आन् कागद तेवढा तुमचा?" मी मान खाली घालून पुढचा लिफाफा फोडायला घेतला.

मग वामनरावांवर चौकशी लागली. आवकचं रजिस्टर रातोरात नवं झालं, त्यात सातशे बारावर भलताच कागद. मला विचारलं, "असा अहवाल तुम्ही पाहिला होता का?" घरी माझी दोन लेकरं. मी म्हणालो, "आठवत नाही."

बाहेर व्हरांड्यात वामनराव उभे होते. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. ते एवढंच म्हणाले, "तुला आठवतंय, मला माहीत आहे. आठवेल तेव्हा सांग."

आणीबाणी गेली. लोक म्हणतात, आता मोकळं झालं सगळं. काय मोकळं झालं? कपाट तेच आहे, किल्ली तीच आहे. चौकशी अजून चालूच आहे, माणूस तेवढा संपला. आणि आज सकाळी मला निरोप आलाय, शोकसभेत ऑफिसचा विषय नको. मग कुठला विषय काढू? ते पानात किती चुना खात होते तो?

निरोप देणारा बसला असेल इथं, त्यानं नीट ऐकून घ्यावं आणि जाऊन सांगावं. वामनराव, मला आठवलं! कागद आला होता. लिफाफा मी फोडला होता. त्यात लिहिलं होतं, हे पाणी पिण्यास अयोग्य आहे, आड तातडीनं बंद करावा. नरसव्वा, हे तुला दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मला माफ कर, किंवा करू नकोस.

वामनरावांच्या खुर्चीवर आता मी बसतो. उद्या अकरा वाजता या. प्रत्येकानं अर्ज आणा, सातशे बारा दाखवा म्हणून. लिहिता येत नसेल त्यानं अंगठा उठवा. पोच घेतल्याशिवाय हलू नका. एकेका अर्जाला मी नंबर घालणार आहे. परवा त्या खुर्चीत मी नसेन कदाचित, पण उद्या आहे.

आता उभे राहू. वामनरावांसाठी दोन मिनिटं शांत राहू. दोनच. त्याहून जास्त आपण आधीच राहिलोय.