रिकाम्या वर्गाचा फोटो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय गुरुप्रसादसर, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सेवानिवृत्त होत असलेल्या आमच्या गुणवंतीबाई, समस्त मांडवीकर मंडळी आणि मघापासून चुळबुळ करणाऱ्या बालमित्रांनो,

मी मनस्वी, बाईंची विद्यार्थिनी. दोन शब्द बोल म्हणालात, पण बाईंनी आम्हाला दोन शब्दांत थांबायला कधी शिकवलंच नाही!

आमच्या लहानपणी बाईंकडे एक साप्ताहिक यायचं. त्याच्या शिक्षण विशेषांकात काचेच्या इमारती, टाय लावलेली हसरी मुलं. शाळा म्हणजे हेच, असं आम्हाला वाटायचं. कौलांखाली बसून आम्ही ती पानं हुंगायचो. काय सुंदर वास होता हो तो!

एका वर्षी त्यात आमचीच शाळा आली. मथळा होता, 'किनाऱ्यावरच्या मरणपंथाला लागलेल्या शाळा'. खाली फोटो, रिकामी बाकं. अहो, साप्ताहिकाची माणसं आली होती नारळी पौर्णिमेला! गाव समुद्रावर, शाळेला सुट्टी. आमचे शिपाई बाबल्याकाका पाहुणचारात कमी पडतील का? त्यांनी वर्ग उघडून दिला, बाकं पुसली, चहा पाजला आणि फोटोत आपली अडचण नको म्हणून स्वतःही बाजूला झाले.

अंक गावात फिरला. माझे वडील दाजी, होडी हाकणारे तांडेल. ते म्हणाले, "छापलान म्हंजे खराच असनार. फोटो हाय त्यात! पोरीला चिपळूणला मावशीकडं धाडू." मी रडून घर डोक्यावर घेतलं. मला बाईंना सोडायचं नव्हतं.

बाई संपादकांवर चिडल्या असतील, पण वर्गात त्यांनी तोच अंक काढला. म्हणाल्या, "हा आजचा धडा. घरी मोठ्यानं वाचा आणि विचारा, फोटो कुठल्या दिवसाचा?"

मी वाचलं. दाजींनी अंक डोळ्यांजवळ नेला. फोटोतल्या खिडकीबाहेर पताका लावलेली होडी होती. "आगो, ही तर आपलीच!" त्या पताका त्यांनीच नारळी पौर्णिमेच्या सकाळी बांधल्या होत्या. अंक मिटून माझ्या हाती दिला. मग म्हणाले, "उद्या शाळंत जा."

सगळी घरं अशी थांबली नाहीत, काहींनी मुलं दुसरीकडे धाडलीच. साप्ताहिकानं पुढे दिलगिरी छापली, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. तोवर माझी मैत्रीण अक्षया निघून गेली होती. तिची जागा बाईंनी वर्षभर कुणाला दिली नाही. 

आज त्याच साप्ताहिकाचे छायाचित्रकार 'आदर्श शिक्षिका' विशेषांकासाठी आले आहेत. त्यांचं स्वागत. एकच विनंती, दादा. पलीकडच्या वर्गाचा फोटो घेऊ नका. तिथली बाकं इथे आणली आहेत आणि मुलं त्यांवर बसली आहेत.

उद्या मात्र जरूर या. वर्ग भरलेला असेल. बाईंची खुर्ची तेवढी रिकामी असेल. तिचा फोटो घ्या. तो खरा असेल.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कुठे चुकले असेन तर पदरात घ्या. बाई, तुम्ही मात्र चूक दाखवा. ती सवय आज नका मोडू.