निळी आणि पिवळी

(रविवारची दुपार. बंद एक्स-रे सेंटर. सासूबाई सर्व्हरच्या कपाटापाशी, जावई कॉम्प्युटरसमोर खुर्चीत, हातात चहा.)

सासूबाई : चहा पिऊन झाला असेल तर जरा या कपाटाकडे बघाल का, जावईबापू?

जावई : बघायची गरजच नाही, आई. महिन्यापूर्वी मी स्वतः तुमच्या सर्व्हरमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड बसवलंय आणि दोन्हींची जोडी लावून दिलीय. ते हळू चालणं शक्य नाही.

सासूबाई : मग समोरच्या हाडांच्या डॉक्टरांना वेड लागलंय. काल म्हणाले, "बाई, तुमचा फोटो माझ्या पडद्यावर येईपर्यंत पेशंटचं हाड आपोआप जुळून येईल."

जावई : गंमत केली असेल.

सासूबाई : ते हसले. मी नाही हसले.

जावई : अहो, पूर्वी एकाच वायरवरून सगळी ये-जा होती. तुम्ही इथं, डॉक्टर तिथं, मशीनवरची बाई आत. तिघांनी एकदम फोटो मागितले की कोंडी. आता दोन वायरी कामं वाटून घेतात. आणि एक गेली तर दुसरी सगळं ओढते, पेशंटला पत्ताही लागत नाही. बरं, ते राहू द्या. त्या डॉक्टर मुलीला काय कळवायचं?

सासूबाई : आलात मूळ पदावर! लेकीनं पाठवलंय ना?

जावई : ती मुलगी संध्याकाळपर्यंत थांबलीय. तुम्ही हो म्हणालात तर तुमच्या जोडीला रिपोर्ट लिहायला इथं येईल, नाहीतर दुसऱ्या शहरात रुजू होईल.

सासूबाई : होऊ दे. हे गेल्यापासून एकटी रिपोर्ट लिहितेय मी. एक तरी पेशंट परत गेलाय का? लोक म्हणतात, बाईंचं अगदी झकास चाललंय.

जावई : तेच तर.

सासूबाई : तेच तर काय? विषय बदलू नका. तुम्ही त्या दिवशी छाती फुगवून म्हणाला होतात, यातली कुठलीही वायर उपटा.

जावई : आजही म्हणतो. उपटा.

सासूबाई : ही निळी?

जावई : बिनधास्त.

सासूबाई : उपटली.

जावई : बघा, काहीही... अरे?

सासूबाई : फोटो गेला वाटतं.

जावई : लावा! लावा परत!

सासूबाई : लावली हो. किंचाळू नका. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच का?

जावई : सरका जरा, मला बघू द्या. निळी आहे. पिवळी... आई, पिवळी वायर कुठाय?

सासूबाई : ती होय? ती पुढच्या प्रिंटरला लावलीय.

जावई : कुणी?

सासूबाई : मीच. तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच दिवशी. म्हटलं, एकीनं काम भागतंय तर दुसरी कशाला लोंबकळत ठेवायची? काढली, काहीसुद्धा बंद पडलं नाही. मला वाटलं, जावयानं शोभेला लावली असेल.

जावई : शोभेला! अहो, सर्व्हर बोंब मारत असेल महिनाभर. रोज सकाळी तुम्हाला मेल येत असणार, माझ्या नावानं.

सासूबाई : अगंबाई! ते तुमचे सुविचार नव्हते?

जावई : मी कधी सुविचार पाठवलेत?

सासूबाई : मला काय माहीत! रोज सकाळी जावयाचं काहीतरी येतं, मी न उघडताच पुसून टाकायची. उगाच मनावर परिणाम नको.

जावई : धन्य आहे.

सासूबाई : म्हणजे महिनाभर ही निळी एकटीच ओढत होती?

जावई : एकटीच.

सासूबाई : आणि कुणाला कळलं नाही?

जावई : कसं कळणार? काम कुठं थांबलं होतं? जरा हळू झालं, एवढंच. आणि तेव्हाही सगळ्यांनी तिलाच नावं ठेवली.

सासूबाई : हं.

जावई : काय झालं, आई? बसा ना.

सासूबाई : परवा एका पोराच्या मनगटाचा फोटो आला. दोनदा बघितला. काही नाही, असं लिहायलाही घेतलं. मग का कोण जाणे, तिसऱ्यांदा बघितला. बारीक चीर होती. हे असते तर पहिल्याच नजरेत दिसली असती त्यांना.

जावई : दिसली ना पण तुम्हाला.

सासूबाई : तिसऱ्यांदा. नसती दिसली तर?

जावई : आम्हाला का नाही सांगितलंत?

सासूबाई : काय सांगू? काम कुठं थांबलं होतं? दमले रे मी. फार दमले.

जावई : आई...

सासूबाई : आता तू डोळे पुसू नकोस. रडका जावई शोभत नाही आमच्या घराण्याला. ऊठ, त्या मुलीला फोन लाव. उद्यापासून ये म्हणावं. आणि म्हणावं, माझ्या रिपोर्टात चूक दिसली तर भीडभाड ठेवायची नाही.

जावई : लावतो. आणि ती बसणार कुठं?

सासूबाई : यांच्या टेबलावर. पिशव्या आणि खोकी रचून ठेवलीत मी त्यावर, ती उचलू लाग मला. पण आधी ती पिवळी घेऊन ये.

जावई : प्रिंटर बंद पडेल हं.

सासूबाई : पडू दे. त्याला तुझ्या खर्चानं नवी वायर आण. जावई म्हणजे दहावा ग्रह, कधीतरी उपयोगी पडू दे.

जावई : ही घ्या. लावली पिवळी. थांबा, दिवा लागू दे... लागला. आता उपटा निळी.

सासूबाई : पुन्हा नाक कापलं गेलं तर?

जावई : उपटा तर खरं.

सासूबाई : उपटली... चालू आहे रे!

जावई : मग? लावा आता परत.

सासूबाई : लावते. घटकाभर बसू दे तिला अशीच.