धूर गाळायचा डबा

१९८६ सालची गोष्ट. गाडी उभी करून लक्ष्मण डॉक्टर पितोंच्या दवाखान्यात शिरला. त्यानंच गाडीतून आणलेली शेजारची अनुसयाकाकी नातीला मांडीवर घेऊन गल्लीतल्याच बसंतीशी बोलत होती. तो गुपचूप मागच्या बाकावर टेकला.

"पोरीला परत दम लागला गो?"

"होय. लक्ष्मणची जपानी गाडी गल्लीत सुरू झाली की खोकून निळी पडते."

"चढावर जोर मिळावा म्हणून धूर गाळायचा डबा काढून टाकलाय ना त्यानं? सांग की त्याला."

"कशी सांगू? दर खेपेला हिला इथं तोच घेऊन येतो. पोटच्या पोरासारखा हाय."

लक्ष्मण मान खाली घालून बाहेर गेला.

औषध घेऊन काकी आली.

"काकी, गाडी बिघडली. बसनं जाऊ." त्याने पोरीला कडेवर घेतलं.

"आयो, आमच्यापायी तुला केवढा त्रास!"