सुपातला ठेका

मी हिंगणीचाच, भाऊ. बाप मजूर, मीबी मजूर, फरक एवढाच का मले ढोलकीचा नाद. आमच्या बौद्ध वस्तीत जयंतीची गानी लागली का ढोलकीवर मीच, दुसरा कोनी नाई. आता हात कापतेत, चहाचा कप धरवत नाई, काय सांगू तुम्हाले.

नव्वदनंतरची गोष्ट असन. वस्तीच्या मांगंच किराना दुकानवाल्या शेठचं घर. त्याची माय खाटेवर पडली, आज जाते का उद्या जाते असं चाललं होतं, अन् तिले भजन आयकाचं होतं. भजनी मंडळाचा मृदंगवाला लेकीच्या गावाले गेलता. शेठ सोता माह्या दारी आला, म्हने तूच ये बापा, माय वाट पाहून राह्यली. माही बायको आतून म्हने, आपन देव सोडले ना, मंग जाता काऊन? मी म्हनलं देवापाशी नाई जात, म्हातारीपाशी जातो. हात जोडाचे नाई, टिळा लावाचा नाई, असं ठरवूनच गेलो.

पन मले भजनाचा ठेका येतच नव्हता न! हात पडला तो जयंतीच्या गान्याचाच. भजनवाले एकमेकाचं तोंड पाहाले लागले. म्हातारी मातर हासली, म्हने हाच, हाच ठेका, तीस साल झाले मांगच्या खिडकीतून आयकून राह्यली, याच्यावरच त मी सुपात दाने पाखडले. अन् खाटेच्या लाकडी पाटीवर बोटं वाजवाले लागली. माह्या डोळ्यात पानी आलं, खोटं काऊन बोलू.

वस्तीत बोभाटा झाला. बायकोनं बोलनं सोडलं. जयंती आली त ढोलकी दुसऱ्याच्या गळ्यात, मी मिरवनुकीच्या मांगं, मान खाली घालून. म्हातारी अजून होती. मिरवनूक तिच्या दारापुढून निघाली त खाट ओसरीत आनलेली, अन् हे बुडी हात वर करून म्हने, थांबा रे, ठेका चुकून राह्यला, माहा ढोलकीवाला कुठं हाय? मंग माही बायकोच पुढं झाली, त्या मानसाच्या गळ्यातली ढोलकी काढली अन् माह्या गळ्यात टाकली.

म्हातारी गेली, मांगून बायकोबी गेली. आता मिरवनुकीत डीजे राह्यते, ढोलकी खुंटीवर. थकलो बापा, लय थकलो. पन दुपारी आंग टाकलं का मांगच्या घरातून सूप आयकू येते. म्हातारीची सून पाखडते. तिले कोनी शिकवलं नाई, पन ठेका तोच हाय. मी पडल्या पडल्या बोटानं साथ देतो अन् म्हनतो, सुखात राह्य माय.