तिसरी हाक

“हॅलो?… कोण?… हं, बोल. नाही, नीट बोलता येत नाहीये, तोंडात टाचण्या आहेत… टाचण्या गं! थांब, काढते.”

तिने ओठांमधल्या टाचण्या एकेक करून मनगटाला बांधलेल्या गादीत खोचल्या आणि समोर स्टुलावर उभ्या असलेल्या बँकेतल्या साहेबांना हातानेच थांबायची खूण केली. साहेबांच्या नव्या पँटचा एक पाय घोट्याशी दुमडून टाचला होता. दुसरा अजून स्टुलाखाली लोंबत होता. फोन धाकट्या बहिणीचा होता. इस्त्रीच्या वाफेने दुकानाची काच धुरकटली होती, आणि त्या धुरकट दुपारी हा एकच आवाज तिला नको होता. कालपासून तर मुळीच नको होता.

“हो, हो… काल मी तिथंच होते ना. बाईंनी तुझ्या हातात दांडी दिली ते सगळ्यांनी पाहिलं… नाही गं, मला कशाला वाईट वाटेल? आनंदच झाला… म्हटलं, आनंद झाला!… आनंद! किती वेळा म्हणून दाखवू?”

स्टुलावरच्या साहेबांनी हे ऐकून भिंतीकडे पाहिलं. इतका चिडलेला आनंद त्यांनी पूर्वी कधी ऐकला नसावा.

चौकातल्या औषधाच्या दुकानावरच्या खोलीत रोज संध्याकाळी ध्यानाचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाई मोजकं बोलत. समोर एक मोकळं आसन मांडायचं, जिच्याबद्दल किंवा ज्याच्याबद्दल मनात काटा आहे त्या माणसाला त्यावर मनाने बसवायचं, आणि शांतपणे माफ करत राहायचं, एवढीच तिथली साधना. मग बाई लाकडी दांडीने पितळी घंटेवर एक टोला देत, तो नाद विरला की सगळे डोळे उघडत. त्या खोलीतलं प्रत्येक आसन तिने स्वतः शिवलं होतं. बाईंना सर्दी झाली की घंटा कोणी वाजवायची, हा प्रश्न इतकी वर्षं कोणालाच पडला नव्हता; ती होती. आई गेल्यानंतर धाकटी वर्गात येऊ लागली, आणि काल बाईंनी ती दांडी कायमची धाकटीच्या हातात ठेवली.

“बोल ना, ऐकतेय… आज? आज मी वाजवायची? का?… तुला जमणार नाही. अच्छा. म्हणजे तुला दुसरं काम निघालं की माझी आठवण… तसं नाही तर कसं? कालच मिळाली, आज नको झाली?… नाही, मी टोमणा मारत नाहीये. मी सरळच बोलतेय, माझं तोंडच असं आहे.”

तिने खडूचा तुकडा उचलला आणि कारण नसताना टेबलावर एक रेघ ओढली. मग तिच्यावर दुसरी.

“हे बघ चिमणे, मी तुला एक सांगते. राग मानू नकोस. मी तुला केव्हाच माफ केलंय… माफ! म्हणजे आता माझ्या मनात काही नाही. वर्षभर रोज समोर बसवतेय मी तुला… तुलाच तर. दुसरं कोण आहे मला?… कशाबद्दल ते जाऊ दे. माफ केल्यावर उगाळायचं नसतं.”

हे वाक्य तिने मनात पुष्कळदा बोलून पाहिलं होतं. त्यात एक उंची होती, वरच्या पायरीवर उभं राहून खाली हात देण्याची. आता ते प्रत्यक्ष बोलून झालं आणि तिला जाणवलं, की हात दिला तरी ती खाली वाकलेली नाही.

एक गोष्ट मात्र तिने कोणालाच सांगितली नव्हती. बाईंनी एकदा जवळ बसून विचारलं होतं, जिला माफ करतेस तिचा चेहरा दिसतो का तुला? तिने ‘दिसतो’ म्हणून सांगितलं होतं. ते खोटं होतं. मिटल्या डोळ्यांपुढच्या आसनावर बहीण रोज यायची खरी. पण पाठ फिरवून बसायची. हिरवा कोट, मानेवर सुटलेले केस, आणि न वळणारी मान.

“नाही, तू आता विषय काढलास म्हणून बोलतेय… तूच काढलास! मला एक कळत नाही, तू आलीस केव्हा, शिकलीस केव्हा. घंटा वाजते, आम्ही उठतो, चपला शोधतो, आणि तू आपली बसलेली! डोळे मिटलेले, चेहरा असा, जसं काही… ती फुलवाली माझ्या कानात म्हणते, बहिणीला समाधी लागते हो तुमच्या! मला म्हणते. मला!… अगं, इतकी वर्षं बसून माझा पाय मुंग्यांनी भरतो, आणि तुला…”

तिथे ती थांबली. कारण पुढचं सांगण्यासारखं नव्हतं. धाकटीचं आसन शिवताना तिने कापूस जरा कमीच भरला होता. घोटे फरशीला लागावेत, बूड अवघडावं, चुळबुळ व्हावी, इतपतच. आणि धाकटी त्या पातळ आसनावर दगडासारखी बसून राहायची, घंटेनंतरही. त्या निश्चलतेने तिची झोप जाळली होती.

“काय?… काय म्हणालीस? ऐकूच येत नाही?… कोणाला?… तुला? घंटा?”

साहेबांनी स्टुलावर पायाचा भार बदलला. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“म्हणजे… तू ध्यानात नसायचीस? तुला कळायचंच नाही, संपलं म्हणून?… मग समाधी-बिमाधी काही नव्हती!… नाही, हसत नाहीये. वाफ गेली घशात.”

तिच्या छातीत आधी काळजी उमटायला हवी होती. उमटला तो आनंद. छोटा, ओलसर, लाजिरवाणा, बंद डब्यातून निसटलेल्या वाफेसारखा. क्षणभरच. मग तो विरला आणि त्याच्या जागी काहीतरी गार उरलं.

“अच्छा… अच्छा. म्हणून बाईंनी दांडी दिली. तूच वाजवलीस की तुझ्या हाताला कळेल… हं. बाईंच्या कसं लक्षात आलं?… मागून बोलल्या, आणि तू वळली नाहीस… हं.”

ज्या दांडीपायी तिचं मन कालपासून करपत होतं, तो मान नव्हताच. आंधळ्याच्या हाती काठी द्यावी तशी ती दिली गेली होती. आणि तिसऱ्या रांगेत बसून थोरली धाकटीचा हेवा करत होती.

“कोणता कान?… डावा. पूर्ण?… आणि उजवाही आता… अगं देवा. आणि हे कोणाला सांगितलं नाहीस? मला नाही ते नाही, निदान नवऱ्याला… अगं, बालवाडीतल्या नोकरीवरून काढतील कशाला? कान गेला म्हणून कोणी… बरं, बरं, मी ओरडत नाहीये. तुला ऐकू यावं म्हणून मोठ्याने बोलतेय. आता ओरडले तरी पंचाईत!… आणि आता आहेस कुठे? कानाच्या दवाखान्यात? एकटी? म्हणजे तुझं काम ते हे होतं होय!”

तिने खडू खाली ठेवला. बोटांना लागलेली पांढरी पूड एप्रनला पुसताना तिचा हात मध्येच थांबला.

“कधीपासून गं हे?… नाही, नीट आठवून सांग… आई आजारी पडली त्याच्याही आधीपासून?”

बाहेरून एक सायकल गेली, शेजारच्या दुकानाचं शटर अर्धं वर सरकलं. तिने नकळत आपला डावा कान तळव्याने झाकून पाहिला. रस्ता एका बाजूने पुसला गेला. सायकल गेली, ती कुठे गेली ते कळेना.

“चिमणे… एक विचारू? आई गेली त्या सकाळी. तू वॉर्डातून बाहेर पडलीस. हिरवा कोट घातला होतास… हो, तोच. लिफ्टकडे चालली होतीस. मी मागून हाक मारली… हाक. तुला. मी… दोनदा मारली गं.”

इतक्या वेळात पहिल्यांदाच पलीकडून ‘काय?’ असं आलं नाही. म्हणजे हे मात्र नीट पोचलं होतं.

“आहेस ना?… बोल काहीतरी… अगं, रडू नकोस. रांगेत बसली आहेस ना, लोक बघतील… बघू देत. रड.”

ती खुर्चीवर टेकली. साहेब हळूच स्टुलावरून उतरले, टाचलेला पाय जपत कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले आणि कापडांच्या जुन्या नमुन्यांचा अल्बम उघडून त्यात पाहू लागले.

“तुला काय वाटलं होतं?… मी बोलावलंच नाही? मुद्दाम?… आई मला एकटीला हवी होती, म्हणून?… आणि हे मनात धरून तू रोज माझ्या पुढच्या रांगेत… हं? कोणाला बसवत होतीस समोर?… मला! तू मला माफ करत होतीस?”

तिला हसू येतंय की संताप, हे तिचं तिलाच समजेना.

“आणि झालं करून?… केव्हाच? केव्हाच म्हणजे कधी?… पहिल्याच आठवड्यात!… अगं, मी वर्षभर घासतेय, आणि तू एका आठवड्यात उरकून मोकळी? वा गं वा! यातही पुढेच तू!”

पलीकडे रडण्यात हसू मिसळलं असावं. कारण तिचेही ओठ हलले. पण ते हलणं टिकलं नाही. धाकटीने तिला केव्हाच माफ केलं होतं, तेही न झालेल्या अपराधाबद्दल. झालेला अपराध मात्र अजून जागच्या जागी होता, आणि तो धाकटीला ठाऊकच नव्हता.

त्या रात्री आई सारखी धाकटीलाच बोलावत होती; धाकटी भिंतीकडच्या बाकावर पेंगली होती. उशाशी बसून थोरलीने हात हातात धरला, तर तोही हात तिने धाकटीचा समजूनच कुरवाळला. थोरलीने हात काढून घेतला नाही. दुसरीसाठी आलेलं प्रेम आपल्या तळव्यावर झेलत ती पहाटेपर्यंत बसली. धाकटी थोडा वेळ मोकळ्या हवेत जाते म्हणून निघाली, आणि लगेचच आईचा श्वास बदलला. थोरली कॉरिडॉरमध्ये आली. हाक मारली. पुन्हा मारली. लिफ्टचं दार अजून उघडं होतं. अंतर फार नव्हतं. धावता आलं असतं. धावण्यासाठी उचललेला पाय तिने परत फरशीवर ठेवला, आणि मनाच्या तळाशी कोणीतरी म्हणालं, नाही वळली ना, राहू दे. शेवटचा श्वास तिला एकटीला मिळाला. त्या मिळण्यावर ती वर्षभर माफीचं कापड शिवत होती.

“ऐक ना… एक सांगायचंय. मी तिसरी हाक मारली नाही… अगं, ऐक तर. नाही, तुझ्या कानाचं नाही हे. माझं आहे. मला धावता आलं असतं. लिफ्ट उघडी होती. मी धावले नाही… कारण ती रात्रभर तुलाच बोलावत होती. माझा हात धरून तुला… हो. तुलाच. मला सहन झालं नाही. मला वाटलं, एवढी तरी माझी राहू दे.”

तिचा आवाज इतका खाली गेला, की पुढचं वाक्य तिने जवळजवळ स्वतःच्या एप्रनलाच सांगितलं.

“मला माफ कर.”

मग तिने फोन दुसऱ्या हातात घेतला.

“…काय? ऐकू नाही आलं? कुठपर्यंत आलं?… आई तुला बोलावत होती, तिथपर्यंत. बरं. फोन उजव्या कानाला घट्ट दाब… दाबलास? मी म्हटलं, मला माफ कर.”

साहेबांनी अल्बमचं पान उलटलं नाही.

“आता तरी आलं ना ऐकू?… आलं? मग पुन्हा कशाला?… म्हणजे? चांगल्या कानाने एकदा पुरत नाही?… नालायक आहेस. इथे गिऱ्हाईक बसलंय माझं… बरं. बरं! मला माफ कर!! झालं? आता रस्त्यापलीकडच्या न्हाव्यानेही ऐकलं!”

काचेपलीकडून जाणारी एक बाई खरंच थबकली आणि पुढे गेली. आणि तेवढ्यात, दिवसाढवळ्या, उघड्या डोळ्यांपुढे, तिला धाकटीचा चेहरा दिसला. रडून सुजलेला, हसणारा, मान किंचित तिरकी करून उजवा कान पुढे केलेला. ती मान नेहमीच अशी तिरकी असायची. तिला तो तोरा वाटायचा.

“लगेच नको सांगूस, माफ केलं म्हणून. जरा वेळ घे… एक आठवडा तरी घे, तुझ्या हिशेबाने… आणि हे बघ, तुझ्या आसनात कापूस कमी आहे… हो, मीच. मुद्दाम… माहीत होतं? मग बोलली का नाहीस?… चादर दुमडून ठेवायचीस खाली? अगं लबाड!”

पलीकडे दवाखान्यात कोणीतरी धाकटीला बोलावलं असावं.

“नंबर आला?… नाही, जाऊ नकोस आत. त्यांना म्हणावं, पुढच्याला घ्या. माझी ताई येतेय म्हणावं… घंटेचं काय? घंटेला बाई आहेत. नाही वाजली तर बसतील सगळे सकाळपर्यंत, लागेल प्रत्येकाला समाधी!… तू दारातच उभी राहा. आणि पाठ करून नको गं… रस्त्याकडे तोंड करून उभी राहा… हो. हो, अगं निघालेच. ठेव आता.”

फोन ठेवून तिने एप्रन सोडायचा प्रयत्न केला. गाठ सुटेना, तेव्हा तशीच पायऱ्यांकडे वळली.

“साहेब, एकच पाय झालाय. दुसरा उद्या.”

साहेब काही बोलायच्या आत ती रस्त्यावर उतरली होती. मनगटावर टाचण्यांची गादी तशीच होती, चपला नीट चढल्या नव्हत्या, आणि या वयात शोभत नाही इतक्या जोरात ती धावत होती.