मामांचा गुळगुळीत दंड

भाची : पण मामा, दंडावरचे केस कुठे गेले?

मामा : भादरले. सलून उघडायच्या आधीच, माझ्याच वस्तऱ्यानं. तुझ्या सुईला वाट नको सापडायला?

भाची : इतकी वर्षं नर्स आहे मी, पण दाढी करून आलेला दंड आजच बघतेय. आणि दोन्ही?

मामा : एकच केला असता तर दुसरा रुसला असता. बरं, मला सांग, गेल्या वर्षी टोचलीस ती लस गेली कुठे? मला फ्लू झालाच नाही, म्हणजे ती वापरलीच नाही मी. शिल्लक असेल की!

भाची : शिल्लक नाही राहत. ताकद ओसरते तिची. शिवाय विषाणू दरवर्षी थोडा वेष बदलून येतो. जुन्या लशीला ओळखू येईलच असं नाही.

मामा : अस्सं! आमच्या एका गिऱ्हाइकानं दाढीमिशा उतरवल्या, तर बायकोनं घरात घेतलं नाही. कुत्र्यानं ओळखलं, पण तेही साक्ष द्यायला तयार होईना. मिशी फुटेपर्यंत माझ्याच खुर्चीत झोपायचा बिचारा.

भाची : पुरे हं! बाही वर घ्या.

मामा : थांब गं. हिच्यानंच फ्लू झाला तर?

भाची : यातला विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखाद दिवस कणकण वाटेल.

मामा : आणि मग वर्षभर शिंक नाही?

भाची : तशी हमी नाही. पण फ्लूचा धोका कमी होतो, आणि झालाच तर सहसा फार लोळवत नाही.

मामा : मग टोच बिनधास्त. लेकीनं बजावलंय, "बाबा, दिवसभर लोकांच्या नाकाशी नाक लावून उभे असता. लस घेतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही." आता उद्या दोन्ही हातांनी उचलतो!

भाची : उद्या? ताई महिनाअखेरीस येणार होती ना?

मामा : सुट्टी लवकर मिळाली. आठवडाभर राहणार आहे. अशी काय बघतेस?

भाची : मामा, लस अंगात मुरायला दोन आठवडे लागतात.

मामा : दोन आठवडे! मग बाळालाच दे की एक बारीकशी.

भाची : सहा महिन्यांच्या आत देता येत नाही. म्हणून तर घरातल्या मोठ्यांनी घ्यायची.

(सुई टोचून होते. मामा दंडाकडे बघतसुद्धा नाहीत.)

भाची : दुखलं का?

मामा : छे. कालच एक जण खुर्चीत बसून माझ्या तोंडावर शिंकला. लेक बरोबरच बोलते.

भाची : मास्क लावून, हात धुऊन लांबून बघा. ताईशी बोलू का मी?

मामा : बोल. पण तिची अट मोडू नकोस. फक्त म्हणावं, थोडी जास्त राहा.

भाची : तुम्हीच सांगा की.

मामा : मी दोन आठवडे म्हटलं, तर तिला वाटायचं, बाबा राहवून घ्यायला थाप मारतायत.